सही दोघांची, हिशेब कोणाचा?

नवऱ्याचे कर्ज बायकोने फेडायचे की नाही, आणि बायकोच्या व्यवहारातील तोट्याला नवरा कितपत बांधील, हा प्रश्न मध्यमवर्गीय घरात सहसा उघडपणे विचारला जात नाही. तो विचारला जातो तेव्हा बहुधा वेळ टळून गेलेली असते; दारात वसुलीचा माणूस उभा असतो किंवा टपालाने वकिलाची नोटीस आलेली असते. घरात ज्याची चर्चा होत नाही त्याची चर्चा मग कचेरीत आणि कोर्टात होते. सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईतील एका शेअर दलाल कंपनीच्या प्रकरणात जो निकाल दिला, त्याने हा प्रश्न पुन्हा एकदा चव्हाट्यावर आणला. निकालाचा गाजावाजा झाला तो ‘बायकोच्या कर्जाला नवरा जबाबदार’ अशा ढोबळ शब्दांत. प्रत्यक्ष निकाल त्याहून नेमका आहे आणि म्हणूनच तो नीट समजून घेण्याजोगा आहे.

हकिकत अशी. एका दांपत्याने १९९९ मध्ये एकाच दलालाकडे शेअर व्यवहाराची दोन खाती उघडली. एक नवऱ्याच्या नावाचे, दुसरे बायकोच्या. खाती वेगळी असली तरी व्यवहार दोघांनी मिळून पाहायचे आणि तोटा आल्यास दोघांनी सोसायचा, असा तोंडी समझोता होता, असे दलालाचे म्हणणे. २००१ च्या आरंभी बायकोच्या खात्यावर देणे निघत होते आणि नवऱ्याच्या खात्यावर जमा होती. तेव्हा नवऱ्याच्या तोंडी सांगण्यावरून त्याची जमा तिच्या खात्यात वळवण्यात आली. त्यानंतर बाजार कोसळला आणि देणे फुगत गेले. प्रकरण शेअर बाजाराच्या लवादापुढे गेले. लवादाने २००४ मध्ये दोघांनाही संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार धरले. रक्कम सुमारे १ कोटी १८ लाख रुपये आणि त्यावर ९ टक्के व्याज. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नवऱ्यापुरता हा निवाडा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, न्यायालयाने नवऱ्याला जबाबदार धरले ते तो नवरा होता म्हणून नव्हे. त्याने तसा करार केला होता आणि त्याची वागणूक त्या कराराला धरून होती, म्हणून तो बांधला गेला. करार तोंडी होता, कागदावर नव्हता, एवढ्याने त्याची सुटका झाली नाही. लग्नाने कर्ज अंगाला चिकटत नाही; ते शब्दाने, सहीने आणि वागण्याने चिकटते. हे तत्त्व जुनेच आहे. परंतु ‘आमच्यात काय हिशेब ठेवायचा’ असे म्हणत संसार करणाऱ्या हजारो कुटुंबांना त्याचा अर्थ उमगलेला नाही.

ही कुटुंबे शोधायला दूर जावे लागत नाही. विलेपार्ल्यासारखे उपनगर घ्यावे. पार्ले टिळक विद्यालय १९२१ मध्ये निघाले, लोकमान्य सेवा संघ १९२३ मध्ये स्थापन झाला, आणि तेव्हापासून शिक्षक, कारकून, बँकेतील व विमा कचेरीतील नोकरदार यांची जी वस्ती येथे रुजली, तिने काटकसर हा आपला धर्म मानला. ऋण काढून सण करणाऱ्याला या वस्तीत मान नव्हता. पहिल्या तारखेला नवऱ्याने पगाराचे पाकीट बायकोच्या हाती द्यावे, तिने त्यातून वाणी, दूधवाला, शाळेची फी आणि भिशी यांची वाटणी करावी, आणि उरेल ते पोस्टात टाकावे, असा साधा अर्थव्यवहार होता. त्यात बाईच्या हाती खर्च होता. मालकी मात्र नव्हती. घर नवऱ्याच्या नावे, भविष्यनिर्वाह निधी नवऱ्याच्या नावे, विम्याची पॉलिसीही त्याचीच. तिच्या नावावर असत ते लग्नातले दागिने, आणि अडचणीच्या काळी प्रथम बाहेर निघत तेही तेच.

आज ती व्यवस्था उरलेली नाही. दोघेही मिळवते असतात. पगाराचे पाकीट जाऊन बँकेतील खाते आले. उपनगरातील घराची किंमत एका पगारात बसत नाही, म्हणून दोघांचे उत्पन्न एकत्र धरून गृहकर्ज घेतले जाते आणि वीस-वीस वर्षांचे हप्ते दोघांच्या नावे लागतात. कर्जाच्या कागदांवर बायकोची सही ‘सहकर्जदार’ म्हणून होते. पण सहकर्जदार होणे आणि सहमालक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो सहमालक आहे त्याला बँका बहुधा सहकर्जदार करून घेतात. उलट जो सहकर्जदार आहे तो मालक असेलच असे नाही. खरेदीखतावर नाव एकाचे आणि हप्त्याच्या बंधनात दोघे, अशी घरे कमी नाहीत. सोसायटीत सहसभासद म्हणून नाव लागले तरी त्याने मालकी येत नाही. गृहकर्जावरील व्याजाची आयकरातील वजावटसुद्धा मालकीत नाव असल्याखेरीज मागता येत नाही. म्हणजे हप्ता भरावा, जोखीम घ्यावी, आणि घर मात्र दुसऱ्याचे. अशी ही भागीदारी.

महाराष्ट्र सरकारने २०२१ पासून केवळ स्त्रियांच्या नावे होणाऱ्या निवासी घराच्या खरेदीवर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत दिली. त्यामुळे काही घरे बायकोच्या एकटीच्या नावे होऊ लागली. जे समतेच्या व्याख्यानांनी झाले नाही ते एका टक्क्याने घडवले, असे कोणी म्हणेल. परंतु नाव तिचे, कर्ज त्याचे, आणि व्यवहाराची माहिती फक्त त्यालाच, अशी स्थिती राहिली तर दोष फक्त कूस बदलतो. ज्याच्या नावे घर नाही तो नवराही उद्या तितकाच उघड्यावर पडू शकतो. तेव्हा प्रश्न स्त्री विरुद्ध पुरुष असा नाही. मालकी, जोखीम आणि माहिती या तिन्ही गोष्टी एकत्र का चालत नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

संयुक्त कर्जाचा कायदा अगदी स्पष्ट आहे आणि तो कठोर आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या ४३ व्या कलमानुसार अनेकांनी मिळून दिलेले वचन त्यांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण पुरे करून घेता येते. धनकोला ‘माझा अर्धा वाटा घ्या आणि मला सोडा’ असे सांगण्याची सोय नाही. ज्याने जास्त भरले त्याने नंतर दुसऱ्याकडून त्याचा वाटा वसूल करावा; तो या दोघांमधला मामला. संसार सुखाचा असतो तोवर या कलमाची आठवण कोणाला होत नाही. पण घटस्फोटाच्या वेळी हेच कलम पुढे उभे राहते. कौटुंबिक न्यायालयात ‘यापुढील हप्ते पतीने भरावेत’ अशी तडजोड झाली तरी बँक त्या तडजोडीत पक्षकार नसते. तिच्या लेखी दोन्ही सह्या कायम असतात. त्याने हप्ते थकवले तर पतनोंदीतील काळा डाग तिच्या नावापुढेही लागतो. २००२ च्या कायद्याने बँकेला कोर्टाची पायरी न चढता, साठ दिवसांची नोटीस देऊन तारण मालमत्तेचा कब्जा घेण्याचा मार्ग मिळाला आहे. तेव्हा वेगळे झालेले नवरा-बायको घरात राहोत वा न राहोत, कर्जात एकत्रच राहतात.

दुसरा धोका अधिक जुना आणि अधिक परिचयाचा आहे. शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पतपेढ्यांतून कर्ज घेताना सहकाऱ्याचा जामीन लागतो. ‘तू माझ्यासाठी सही कर, मी तुझ्यासाठी करतो’ हा कचेरीतील शिरस्ता. मैत्रीपोटी केलेली ही सही घरी सांगितली जात नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे सही करणाऱ्याला वाटतच नाही. परंतु करार कायद्याच्या १२८ व्या कलमाने जामीनदाराचे दायित्व मूळ कर्जदाराइतकेच आहे, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० याच्या ४९ व्या कलमाखाली सभासदाने तसे लिहून दिले असल्यास संस्थेचे येणे थेट पगारातून कापून घेता येते. कर्जदार मित्र नोकरी सोडून गेला, की एका महिन्यात पगाराची पावती उणी होते आणि घरातील दुसऱ्या माणसाला त्याचे कारण तेव्हा प्रथम कळते. पैसा जातो तो जातोच. पण ‘मला का सांगितले नाही’ हा प्रश्न त्याहून अधिक काळ घरात राहतो. मनाचा मोठेपणा दाखवताना तो दोघांच्या मिळकतीवर दाखवला जात आहे, याचे भान सही करताना असले पाहिजे.

या बाबतीत परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी परंपरा एकदा तपासून पाहावी. याज्ञवल्क्य स्मृतीतील ऋणादान प्रकरण आणि त्यावरील विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ ही चालुक्यांच्या काळातली टीका यांना महाराष्ट्रात शतकानुशतके प्रमाण मानले गेले. त्यात सांगितलेला नियम आजच्या वाचकाला चकित करील. पतीने केलेले ऋण पत्नीवर येत नाही आणि पत्नीने केलेले पतीवर येत नाही. अपवाद कुटुंबासाठी काढलेल्या ऋणाचा. स्त्रीने फेडायचे ते ऋण तीन प्रकारचे: जे तिने स्वतः पत्करले, जे पतीसह मिळून काढले, आणि जे तिने एकटीने केले. याखेरीज दुसरे नाही. पुढे ज्या व्यवसायांत घराची उपजीविका स्त्रीच्या उद्योगावर चालते, तेथे तिचे ऋण पतीने फेडावे असेही सांगितले आहे. म्हणजे ज्याच्या मिळकतीवर घर चालते त्याच्या कर्जाला घराने पाठ दाखवू नये, हे तत्त्व त्या काळीही उमगले होते. दारू, जुगार अशा कारणांनी झालेले बापाचे कर्ज मुलाने फेडू नये, हा विवेकही तेथे आहे.

अर्थात त्या व्यवस्थेला दुसरी बाजू होती आणि ती झाकून चालणार नाही. दुष्काळ, धर्मकार्य, आजार किंवा बंदिवास अशा प्रसंगी नवऱ्याने घेतलेले स्त्रीधन त्याने परत केलेच पाहिजे असे बंधन नव्हते. स्वतःच्या कलाकौशल्यावर तिने मिळवलेल्या पैशावरही पतीची सत्ता मानली जाई. ही सत्ता मोडायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने स्त्रीची कमाई तिची स्वतःची ठरवली, परंतु हिंदू, मुसलमान, शीख, जैन स्त्रियांना तो लागू नव्हता. त्यातील विम्याविषयीचे सहावे कलम तेवढे १९२३ मध्ये त्यांच्यापर्यंत पोहोचले. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांनी केंद्रीय विधिमंडळात आणलेल्या १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत वाटा मिळाला, तोही मर्यादित मालकीचा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला जन्माने वाटेकरी केले. २००५ च्याच दुरुस्तीने बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य असल्याचा आधारही यापुढील कर्जांसाठी काढून घेतला. स्त्रीधनाविषयी १९८५ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की, ते पतीचे नव्हे आणि दोघांचेही नव्हे. अडचणीत वापरले तर ते किंवा त्याची किंमत परत करण्याची नैतिक जबाबदारी पतीवर आहे.

या सगळ्या वाटचालीचा परिणाम असा की, आपल्याकडे पती आणि पत्नी यांची मालमत्ता कायद्याने वेगवेगळी आहे. ज्याच्या नावे ती त्याची. ज्याची सही त्याचे कर्ज. दोघेही मिळवते असतील आणि दोघांचीही नावे सर्वत्र असतील तर ही व्यवस्था सुटसुटीत आहे. परंतु ज्या गृहिणीने वीस वर्षे घर सांभाळले, मुले वाढवली, सासू-सासऱ्यांचे आजारपण काढले, आणि त्यामुळेच नवऱ्याला निर्धास्तपणे नोकरी करता आली, तिच्या नावावर काय जमा झाले? कायद्याच्या खातेवहीत शून्य. २०१० मध्ये मांडलेल्या विवाहविषयक कायदे दुरुस्ती विधेयकात घटस्फोटाच्या वेळी पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद होती. राज्यसभेने ते २०१३ मध्ये संमत केले, पण लोकसभेत ते संमत न होताच १५ व्या लोकसभेबरोबर २०१४ मध्ये बाद झाले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात गृहिणीच्या श्रमाला मालमत्तेतील योगदान मानून तिला समान वाटा दिला. तो निवाडा दिशादर्शक आहे. कायदा मात्र अजून जागचा हललेला नाही.

शेजारच्या गोव्यात वेगळी वाट आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून तेथे लग्नाबरोबर दोघांची संपत्ती सामाईक होते. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. स्थावर मालमत्ता विकायची तर दोघांची संमती लागते. ऋणाचे तत्त्वही त्याच मापाचे: दोघांच्या संमतीने काढलेले ऋण दोघांचे, एकाने परस्पर काढलेले त्याच्या वाट्यावर. इतकेच नव्हे तर आयकर कायद्यानेही ही रीत मान्य करून तेथील दांपत्यांचे पगाराखेरीज इतर उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरले आहे. ही पद्धत निर्दोष आहे असे नाही. वाटा कागदावर आणि किल्ल्या नवऱ्याच्या कमरेला, असे तेथेही घडते. तरीसुद्धा दुसऱ्याला न विचारता घर विकता येत नाही, एवढ्या एका अटीने केवढे अनर्थ टळत असतील, याचा विचार महाराष्ट्राने करावा.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने हा विचार एकेकाळी केला होता. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे स्त्रियांचे अधिवेशन भरवले आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ हा कार्यक्रम हाती घेतला. शेतकऱ्याने स्वखुशीने जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करावा, घरच्या लक्ष्मीचे ऋण काही अंशी तरी फेडावे, अशी त्यामागची कल्पना. शेकडो गावांत अशा नोंदी झाल्या, आणि १९९२ मध्ये सरकारने सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याला वाट करून दिली. ज्या घरात हे झाले नाही तेथे काय होते, हे विदर्भ-मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील विधवांनी भोगले आहे. जमिनीवर नाव नाही, कर्ज किती आणि कोणाचे याची माहिती नाही, आणि तेराव्याच्या आत सावकाराचा निरोप. शहरातील सुशिक्षित विधवेची स्थिती पुष्कळदा यापेक्षा फार निराळी नसते. सावकाराच्या जागी दूरध्वनीवरचा वसुली प्रतिनिधी असतो, एवढाच फरक.

अशा वेळी कायदा काय सांगतो हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ बायका जे आपले नाही ते देणेही फेडत बसतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५० व्या कलमानुसार मृताचा वारस त्याच्या कर्जाला जबाबदार असतो तो मृताकडून त्याला जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरता. जिने स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली नाही, तिच्या स्वतःच्या पगारावर किंवा स्त्रीधनावर नवऱ्याच्या क्रेडिट कार्डाची वसुली येऊ शकत नाही. वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. १८७४ च्या कायद्याच्या सहाव्या कलमाखाली पत्नी व मुलांच्या लाभासाठी घेतलेला आयुर्विमा हा त्यांच्यासाठी राखलेला विश्वस्तनिधी असतो. नवऱ्याच्या धनकोंना त्याला हात लावता येत नाही. प्रस्तावाबरोबर एक साधा अर्ज भरायचा, एवढेच त्यासाठी करावे लागते. पण किती विमेदारांना हे सांगितले जाते?

येथे धनकोच्या बाजूचेही दोन शब्द मांडले पाहिजेत. कायद्याने दोघांच्या मालमत्ता वेगळ्या ठेवल्या, त्याचा फायदा अब्रूदार गृहिणीला जेवढा झाला त्याहून अधिक लबाड व्यापाऱ्याने करून घेतला. धंदा स्वतःच्या नावे, बंगला बायकोच्या नावे. धंदा बुडाला की हात वर. अशा हस्तांतरणाला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५३ व्या कलमाने धनको आव्हान देऊ शकतो, आणि फसवणुकीच्या हेतूने काढलेल्या विम्यालाही वर सांगितलेले संरक्षण मिळत नाही. परंतु हेतू सिद्ध करणे अवघड असते. ज्यांचे येणे बुडते ते सगळे मोठे सावकार नसतात. त्यांत कारागीर असतो, पुरवठादार असतो, ठेवीदारही असतो. म्हणून नफ्यात सहभागी आणि तोट्यात अनोळखी, ही भूमिका नवऱ्याला शोभत नाही तशी बायकोलाही शोभत नाही. २०२५ च्या निकालामागील न्यायबुद्धी हीच आहे: ज्याने व्यवहार हाताळला आणि लाभाची आशा धरली, त्याने तोट्याच्या वेळी खात्यावरील नावाआड लपू नये.

मग योग्य तत्त्व कोणते? जबाबदारी माहितीच्या मागोमाग यावी आणि मालकी जबाबदारीच्या मागोमाग. जे कर्ज दोघांनी जाणून घेतले ते दोघांनी फेडावे. जे एकाने लपवून घेतले ते त्याच्या शिरावर राहावे. आणि ज्याच्या हप्त्याला दोघे बांधले गेले त्या वस्तूवर दोघांचे नाव असावे. इंग्लंडमध्ये नवऱ्याच्या धंद्यासाठी राहते घर तारण देणाऱ्या पत्नींची प्रकरणे वर्षानुवर्षे न्यायालयात येत राहिली. अखेर २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने दंडक घालून दिला की, अशा पत्नीला व्यवहाराचा अर्थ तिच्या वकिलाने नवऱ्याच्या गैरहजेरीत समजावून सांगितला आहे, याची खात्री बँकेने करून घ्यावी. न करील तर बँकेलाच तारण गमवावे लागण्याची जोखीम. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी मुख्य अटींचे निवेदनपत्र कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे आणि त्याचा आशय समजावून सांगणे बंधनकारक केले आहे. हा नियम चांगला आहे; पण तो मुख्य अर्जदाराशी थांबू नये. सहकर्जदाराला आणि जामीनदाराला ते पत्र स्वतंत्रपणे, मराठीत, आणि सहीच्या निदान एक दिवस आधी मिळाले पाहिजे. टेबलावर कागदांची चळत ठेवायची, फुलीच्या खुणा करायच्या आणि ‘येथे, येथे आणि येथे’ म्हणत पंधरा मिनिटांत तीस सह्या उरकायच्या, याला संमती म्हणता येत नाही.

बँकांनी करायचे ते बँका करतील, न करतील. घरात करायचे ते कोणाच्या परवानगीवाचून करता येते. महिन्यातून एकदा तासभर दोघांनी बसून येणे आणि देणे मांडावे. कोणत्या बँकेत कोणत्या नावाने काय आहे, कोणाला जामीन राहिलो, कोणाकडून उसने घेतले, विमा किती, नामनिर्देशन कोणाचे, हे एका वहीत लिहावे आणि ती वही दोघांना सापडेल अशा जागी ठेवावी. नामनिर्देशन केले म्हणजे मालकी दिली असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांच्या शेअरांबाबत ते स्पष्ट केले आहे. म्हणून मृत्युपत्र करावे. इमारतीचा पुनर्विकास चालू असेल तर नव्या घराचा करार, मिळणारे भाडे आणि एकरकमी निधी कोणाच्या नावे जातो, हे सोसायटीच्या सभेला जाणाऱ्या एकट्याच्या ज्ञानावर सोडू नये. आणि ठरावीक रकमेपुढील कोणतेही कर्ज, जामीन किंवा सट्टा दुसऱ्याच्या कानावर घातल्याखेरीज करायचा नाही, एवढा एक नियम करावा.

यावर हमखास आक्षेप येतो तो असा की, हिशेब आला की विश्वास गेला. नवरा-बायको म्हणजे काय भागीदारी पेढी आहे? आक्षेप ऐकायला गोड वाटतो. परंतु हिशेबाची चोपडी अविश्वासामुळे जन्माला आली नाही; स्मरणावर भार पडू नये आणि उद्या गैरसमज होऊ नये म्हणून ती आली. ज्या घरात हिशेब विचारण्याचीच धास्ती वाटते तेथे विश्वास नसून वचक असतो, आणि मुकाट्याला समजूतदारपणा म्हणण्याची चूक आपल्या समाजाने फार काळ केली आहे. उलट बायकोनेही ‘पैशाचे मला काही कळत नाही’ हे भूषण म्हणून मिरवू नये. वर्गात चक्रवाढ व्याज शिकवणारी शिक्षिका किंवा कचेरीत दुसऱ्यांच्या खात्यांचा ताळमेळ घालणारी कारकून स्त्री घरच्या कर्जाचा खातेउतारा वाचू शकत नाही, हे खरे नसते. तो तिने मागितलेला नसतो, एवढेच.

हे शिक्षण लवकर सुरू व्हायला हवे. पार्ल्यात वाणिज्य शिकवणारे महाविद्यालय आहे, व्याख्यानांची परंपरा आहे, सभागृहे आहेत आणि निवृत्त बँक अधिकाऱ्यांचीही वाण नाही. मुंजी-लग्नांच्या कार्यालयांत ज्या तयारीने आहेर आणि मानपान ठरतात, तेवढ्या तयारीने लग्न ठरलेल्या मुलामुलींना करार कायद्याची चार कलमे, गृहकर्जाचा एक नमुना आणि विम्याचा एक अर्ज दाखवायला काय हरकत आहे? पत्रिका जुळवताना गुण मोजले जातात. डोक्यावर शैक्षणिक कर्ज किती, आई-वडिलांची जबाबदारी किती आणि कोणाला जामीन राहिले आहे काय, हे विचारणे अशिष्ट समजले जाते. लग्नानंतर हेच प्रश्न अधिक कडवट भाषेत विचारले जातात. ते आधी आणि सौजन्याने विचारलेले बरे.

सरकारनेही हात झटकून चालणार नाही. विवाहकाळात मिळवलेल्या मालमत्तेत दोघांचा वाटा मानणारा कायदा २०१४ पासून अडगळीत पडून आहे; तो नव्याने मांडताना वाट्याबरोबर देण्याचाही विचार करावा, म्हणजे तो एकतर्फी असल्याची ओरड होणार नाही. राहते घर तारण ठेवायला किंवा विकायला, नाव कोणाचेही असो, दोघांची लेखी संमती आवश्यक करावी. गोव्याला जे पेलते ते महाराष्ट्राला पेलणार नाही असे मानण्याचे कारण नाही. मुद्रांक शुल्कातील सवलत केवळ एकट्या स्त्रीच्या नावे होणाऱ्या खरेदीला आहे. पती-पत्नींनी समान वाट्याने घेतलेल्या घरालाही तिचा काही अंश मिळाला, तर सहमालकीला ती खरी चालना ठरेल.

कर्ज हे आता लाजिरवाणे राहिलेले नाही आणि ते तसे राहूही नये. कर्जावाचून शिक्षकाला किंवा कारकुनाला मुंबईत स्वतःचे छप्पर मिळणे अशक्य झाले आहे. पण जे कर्ज काढल्याखेरीज संसार उभा राहत नाही, ते समजून घेतल्याखेरीज तो टिकणारही नाही. सही करण्यापूर्वी तो कागद दोघांनी मिळून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, तर पुढील पुष्कळ कोर्टकचेऱ्या वाचतील.